पडणारच आहे की तो दात! (तुमचे, पोरांचे, घरातल्यांचे दातांचे अनुभव)

भडंग_आणि_चहा
परवा लेकीला घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरांकडं गेले होते. दुखत काही नव्हतं. शाळेत तपासणी झाली आणि चिठ्ठी आली, 'मागच्या दाढा दाखवून घ्या'. दवाखान्याचं दार ढकललं आणि लवंगेच्या तेलाचा तो वास! एकोणचाळीस वर्षांची बाई मी, पण हात आपोआप उजव्या गालावर गेला.

चौथीत होते. खालची उजवी दाढ ठणकायला लागली. घरात सगळ्यांचं एकच, 'दुधाची आहे, पडणारच आहे.' आजीनं लवंग दाबली, आत्यानं कापूर. महिनाभर असंच. एका सकाळी उठले तर डोळा अर्धा झाकलेला, एवढा गाल सुजलेला. बाबा सायकलवर डबलसीट घेऊन गेले. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "ही दुधाची नव्हे हो. ही कायमची. सहाव्या वर्षी येते ती." बाबा काहीच बोलले नाहीत. दाढ काढली. येताना रंकाळ्यावर थांबून मला आइस्क्रीम घेतलं. ओठ बधिर, दातात कापसाचा बोळा, सगळं फ्रॉकवर वितळलं.

अजून मी डावीकडूनच चावते.

तर परवा या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या तोंडात आरसा धरून मला दाखवलं. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं नवी दाढ, अर्धी बाहेर, अर्धी हिरडीच्या पदराखाली. दुधाचा दात पडून तिथं येत नाही ती, मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप येते. म्हणून कुणाला कळत नाही. ती पूर्ण वर आली की खाचा बुजवून घ्यायच्या (सीलंट) ठरलंय.

लिहा तुमचं पण.

तांबडापांढरा
पहिला! नंतर लिहितो, दूध उतू चाललंय.

पन्हाळ्याचं_धुकं
आमच्यात पडलेला दात 'उंदरा उंदरा, माझा दात तुला, तुझा दात मला' म्हणून कौलावर टाकायचे. आता स्लॅब. मागच्या वर्षी लेकानं गच्चीवर टाकला, तो पाण्याच्या टाकीत पडला. टाकी धुवायला माणूस बोलवावा लागला. उंदराचं माहीत नाही, पण नवरा दात ओठ खात होता.

जयसिंगपूरची_सून
मिश्रीवर कुणी लिहिलं नाही अजून? आजी तव्यावर तंबाखू भाजायला बसली की ठसका लागून आम्ही सगळी अंगणात. मग तो भुगा डबीत भरायचा आणि दिवसातून चार वेळा बोटानं हिरडीवर. नाही लावली तर दात ठणकतो म्हणायची. ठणका कसला, तलफ ती. पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार. साठीच्या आत बत्तीसातले नऊ उरले होते. पुढं गालाच्या आत पांढरा चट्टा आला, पुसला तरी जाईना. मामानं हटकून सीपीआरला (कोल्हापुरातला सरकारी दवाखाना) नेलं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. पण त्या आठ दिवसांत ती जी गप्प झाली! रिपोर्ट आल्यावर डबी स्वतःच्या हातानं चुलीत टाकली. (नंतर दुसरी घेतलीच, पण लपून. महिन्याभरानं आम्ही पकडली आणि तेव्हा मात्र खरंच सुटली.)

भडंग_आणि_चहा
चट्ट्याचं बरं केलंस लिहून. दुखत नाही म्हणून बायका दाखवतच नाहीत.

कटिंग_मारके
लक्ष्मीपुरीत दुकान आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप, दिवसाला दहा तरी व्हायचे, सगळे गोडमिट्ट. ब्रश करताना रक्त यायचं, मी म्हटलं ब्रश कडक असेल. १४ वर्षं दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. का? तर कुणीतरी सांगितलेलं, दात साफ केले की हलतात. शेवटी बायकोनं ढकललं. डॉक्टर म्हणाले, "दात आधीच हलतायत साहेब, दगडानं धरून ठेवलेत." तो दगड म्हणजे दातावर साठून टणक झालेला थर. पहिल्या दिवशी एवढं निघालं की मी ट्रेकडं बघायचंच सोडलं. नंतर दहा दिवस गार पाणी झोंबत होतं, आणि फटी अशा दिसायला लागल्या की आरशात कोण दुसराच.

पण खरी गोष्ट पुढंच. ते म्हणाले शुगर तपासा. उपाशीपोटी २१०! हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही आणि शुगर चढली की हिरड्या बिघडतात, असं दोन्हीकडून असतं म्हणे. दाताच्या डॉक्टरनं डायबेटिस पकडला माझा. आता चहा तीन, बिनसाखरेचा. गिऱ्हाईक तेवढंच येतंय.

शेंगदाण्याची_चटणी
मी तर काय बोलू, मी गेलतो पोराला घेऊन दीड वर्षाचा असताना, वरचे पुढचे चारी दात तपकिरी. रात्रभर दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचो, वर सासूबाई गुऱ्हाळावरची काकवी बोटानं चाटवायच्या, बाळ गुटगुटीत व्हायला. खालचे दात मात्र पांढरेशुभ्र. डॉक्टरांनी सांगितलं, खालच्यांवर जीभ येते म्हणून ते वाचतात. पहिला दात दिसला की, नाहीतर पहिल्या वाढदिवसाच्या आत दाखवायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी वाढदिवसाला केक आणला होता फक्त.

नवीन_वाचक_पुणे
ताई की दादा? 'गेलतो', 'झोपवायचो' वाचून गोंधळलो.

शेंगदाण्याची_चटणी
ताईच हो! कोल्हापूरची हाय मी. आमच्याकडं बायका पण आलो-गेलोच म्हणतात.

तांबडापांढरा
पुण्याच्या माणसाला दातापेक्षा व्याकरण दुखतंय 😀

नवीन_वाचक_पुणे
माफी. मला आवडलं उलट.

आजरा_घनसाळ
सीलंट म्हणजे ड्रिल मारतात का? पोरगी आठ वर्षांची आहे, मशीनचा आवाज ऐकला की गाडीतूनच उतरत नाही. आणि पेस्ट गिळते ती वेगळीच.

अर्धी_अक्कलदाढ
मी दातांचीच डॉक्टर, गुपचूप वाचत होते. ड्रिल नाही, सुई नाही. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा एवढ्या बारीक की ब्रशचा केस आत जात नाही, अन्न मात्र जाऊन बसतं. दाढ साफ करून जेल लावायचं, धुवायचं, वाळवायची, पातळ रेझिन सोडायचं, निळ्या लाइटनं घट्ट करायचं. एका दाढेला पाच-दहा मिनिटं. अवघड काम एकच, पोराची जीभ. थुंकी लागली की टिकत नाही. दर तपासणीला बघायचं, उडालं असेल तर परत. आणि ते खाचांपुरतंच, दोन दाढांच्या फटीत कीड लागायची ती लागतेच, तिथं फ्लॉस (फटीत फिरवायचा दोरा).

पेस्टचं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वेटोळं दाखवतात ते पेस्ट खपावी म्हणून. फ्लोराइड आहे का ट्यूबवर वाचा. आपल्याकडं जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार) चालतं, मुलांच्या काही पेस्टमध्ये निम्मंच असतं, काहींत नसतंच. घासून झालं की थुंकायचं, पण खळाखळा चुळा भरायच्या नाहीत, लावलेलं फ्लोराइड धुऊन जातं. हे एक वाक्य पटवायला मला लोकांशी रोज भांडावं लागतं.

आजरा_घनसाळ
चूळ न भरता?? सासरे घराबाहेर काढतील मला 😂

कटिंग_मारके
पण डॉक्टर, दुधाच्या दाताला कशाला एवढा खर्च? धाग्याचं नावच हाय ना, पडणारच की. (माझा पोरगा विचारतोय, मी नाही.)

अर्धी_अक्कलदाढ
दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत राहायच्या असतात. पाचव्या वर्षी काढली तर मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढं सरकते आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. मग तारा. पोराला सांगा, तारांचा खर्च जास्त.

पन्हाळ्याचं_धुकं
तारा म्हटलं की माझी जखम उघडी. बाराव्या वर्षी तारा, पंधराव्या वर्षी सुटल्या, दात परत सरकू नयेत म्हणून रात्री दातांवर प्लेट घालायला सांगितली होती. मी ती टिश्यूत गुंडाळून हॉटेलच्या ताटाशेजारी ठेवली. पोऱ्यानं ताट उचललं. बाकी समजून घ्या.

गंगावेशीतली_म्हैस
कवळीचा किस्सा सांगू का? आजेसासरे जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेले. सासनकाठ्या बघायच्या गर्दीत कवळी टोचायला लागली म्हणून काढून रुमालात गुंडाळून खिशात. वरून गुलाल-खोबरं असं उधळलं की रुमाल आतपर्यंत गुलाबी. दुपारी पंगतीला बसल्यावर कवळी घातली आणि हसले. समोरची सगळी पंगत जेवायची थांबली! ती आम्ही चार दिवस घासत होतो. तेव्हापासून रात्री काढून पाण्याच्या वाटीत, सकाळी ब्रशनं घासून. आधी चोवीस तास घालूनच असायचे, टाळू लालभडक झालेला.

तांबडापांढरा
आजोबांना दंडवत 🙏 नाद खुळा.

नवीन_वाचक_पुणे
प्रेग्नन्सीत हिरड्यांतून रक्त येतं का? बायकोला पाचवा चालू आहे. तिची आई म्हणते, बाळ झाल्यावर बघू.

अर्धी_अक्कलदाढ
येतं, हार्मोन्समुळं हिरड्या लवकर सुजतात. पण घासणं सोडू नये, उलट जास्त जपायचं. साफ करून घ्यायला मधले तीन महिने जास्त सोयीचे. गरोदर आहे हे मात्र आधी सांगा.

आजरा_घनसाळ
@भडंग, सीलंटला किती घेतायत?

भडंग_आणि_चहा
विपूत (तुझ्या विचारपुशीच्या पानावर) सांगते.

आणि आज बाबांना फोन केला होता, ते बहात्तरचे आहेत. म्हटलं, माझी दाढ काढली तो दिवस आठवतो का? म्हणाले, दाढ नाही, फ्रॉक आठवतो, पिवळा होता, तुझ्या आईनं मलाच धुवायला लावला. मग म्हटलं, लेकीला पुढच्या बुधवारी न्यायचंय, तुम्ही पण चला, तपासून घेऊ. तर म्हणाले, "माझं कुठं काय दुखतंय?"

जयसिंगपूरची_सून
झालं! ओढत ने त्यांना.

कटिंग_मारके
बुधवारी दवाखान्यानंतर मिसळ खायला थांबा, पण बाबांना कट कमी घालायला सांगा, हिरड्या दाखवून आलेल्या माणसाला झोंबतो.

तांबडापांढरा
दूध उतू गेलंच. गॅस पुसतोय.