गाडी अलीकडेच का संपवतात?

वर विचारलंय की लोकल वीस मिनिटं उशिरा असली की ती सीएसएमटीला न नेता दादर किंवा कुर्ल्यालाच का संपवतात. छळायला नाही हो! एकच रेक (डब्यांचा अख्खा संच) दिवसभर फेऱ्या मारतो. सकाळी सीएसएमटीला उशिरा पोचला की तिथून सुटणारी त्याचीच कसारा लोकलही उशिरा, आणि हा उशीर पुढच्या फेऱ्यांच्या मानगुटीवर बसतो. टर्मिनसचे फलाट मोजकेच. एक गाडी अडली की मागच्या गाड्या मस्जिद-भायखळ्यापर्यंत सिग्नलला तुंबतात. म्हणून कंट्रोल (रेल्वेचा नियंत्रण कक्ष) उशिराची गाडी अलीकडेच संपवून तिथूनच परत फिरवतो. कल्याणकडचे प्रवासी खूश, सीएसएमटीला त्याच गाडीची वाट बघणारा मात्र लटकला. तरी मला हा हिशेब पटतो, फक्त उद्घोषणा गाडी दादरला टेकल्यावर नको, आधी हवी.

जलद गाडी धीम्या मार्गावर टाकणं हा दुसरा उपाय. रविवारच्या मेगाब्लॉकला माटुंगा-मुलुंड दरम्यान हेच करतात. पण 15 डब्यांच्या गाडीला ते जड जातं, कारण धीम्या मार्गावरचे बरेच फलाट 12 डब्यांपुरतेच आहेत.