मदत हवी आहे: ब्रिटनमधलं 'प्रायव्हेट बिल' पुढच्या सत्रात नेताना विरोध-अर्जांचं काय होतं?

आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७(३) मुळे सत्रसमाप्तीने विधेयक बाद होत नाही. ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेलं प्रायव्हेट बिल (एखाद्या नगरपालिकेने किंवा संस्थेने अर्ज करून स्वतःपुरतं मागितलेलं विधेयक) वाचवायला दोन्ही सभागृहांत ठराव लागतो. खासदाराच्या खाजगी विधेयकाबद्दल विचारत नाहीये, ते तिथे पुढच्या सत्रात नेता येतच नाही. पार्लमेंटच्या संकेतस्थळावर वाचून ठरावाचा भाग कळला. अडलंय ते पुढे. समजा कॉमन्समध्ये (कनिष्ठ सभागृहात) दुसरं वाचन झालं, एका रहिवाशाने शुल्क भरून विरोधाचा अर्जही दिला, पण समिती बसायच्या आत सत्र संपलं (निवडणूक नाही, नुसती सत्रसमाप्ती). विधेयक पुढे गेलं तर त्याचा अर्ज नव्या सत्रात आपोआप उभा राहतो, की पुन्हा शुल्क भरून द्यावा लागतो? आणि हे स्थायी आदेशातच (सभागृहाच्या कायमच्या नियमांत) ठरलेलं असतं की दर वेळी ठरावात लिहितात?