मदत हवी आहे: चेन ताई चीमधलं ‘द्ये चा’ आणि उजवा गुडघा

लाओजिया यीलू म्हणजे चेन शैलीच्या ताई चीतला हालचालींचा जुना पहिला क्रम. त्यातल्या ‘द्ये चा’त, म्हणजे पाय पसरून जमिनीलगत खाली जाण्याच्या हालचालीत, डावा पाय टाचेवर पुढे सरकतो आणि उजवा गुडघा आत वळून जमिनीकडे जातो. गोची तिथेच आहे. मांडीचं हाड खुब्यात आत फिरलं नाही, तर सगळा पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो आणि कळ निघते. बद्धकोनासन किंवा अश्वस्थितीने (घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून उभं राहणं) खुबा बाहेर उघडतो. इथे नेमकं उलट हवं. सध्या क्रम असा: १५ मिनिटं जान ज्वांग (खांबासारखं स्थिर उभं राहणं), मग एक पाय पुढे, एक मागे ठेवून दोन्ही गुडघे ९० अंशांत वाकवून जमिनीवर बसणं, मागच्या मांडीवर भर, ३० सेकंद, ३ वेळा. बुडाखाली १० सेंमीचा ठोकळा घेतला की कळ थांबते. तो कमी कधी करावा? उजव्या पावलाची आतली कड जमिनीवर दाबून ठेवायची की टाच मोकळी सोडायची? ‘हळूहळू जमेल’ एवढंच सांगू नका, प्लीज.