राइन क्रूझ बाझेलला संपल्यावर हाताशी चार रात्री: पॅरिस की ल्युसर्न?

अनुजा_के
सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ॲमस्टरडॅम ते बाझेल, सात रात्रींची राइन क्रूझ ठरली आहे. आम्ही चौघं. सासू-सासरे सत्तरीचे, चालतात छान, पण चढ आणि बॅगा एकदम नकोत. क्रूझनंतर दोन रात्री पॅरिस, दोन रात्री ल्युसर्न असा विचार आहे. परतीचं विमान आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) अजून बाकी. बोटीवरून उतरल्यावर त्याच दिवशी पुढची गाडी धरता येते का? आणि स्विस ट्रॅव्हल पास (तिथल्या गाड्या, बोटींचा एकत्र पास) परवडतो का?

रुळावरचा_प्रवासी
गाडी आरामात मिळते. केबिन साधारण आठपर्यंत रिकामी करायला सांगतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत बोट मोकळी होते. बाझेलमध्ये बोटी मुख्यतः दोन भागांत लागतात, सेंट योहान किंवा क्लायनह्यूनिंगेन. तुमची कुठे लागणार ते शेवटच्या दोन दिवसांत बोटीवरच कळेल. पहिल्या ठिकाणाहून ११ नंबरची, दुसऱ्याहून ८ नंबरची ट्राम स्टेशनला जाते. पण चौघांच्या बॅगा म्हटल्यावर सरळ मोठी टॅक्सी करा. टॅक्सीवाल्याला 'बाझेल एसबीबी' (स्विस रेल्वेचं स्टेशन) असं स्पष्ट सांगा. बाझेल बाडिशर बानहोफ हे जर्मन रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे, तिथे उतरलात तर पुन्हा गाव ओलांडा.

एसबीबीवरून ल्युसर्न साधारण तासाभरावर. आरक्षण लागत नाही, एक गाडी चुकली तर पुढची. हॉटेलची खोली तीनच्या आसपास मिळते, पण बॅगा रिसेप्शनला ठेवून घेतात.

पॅरिसचं मात्र माझ्या मते काढून टाका. बाझेलहून टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान गाडी) तीन तासांत नेते खरी, पण आरक्षण सक्तीचं आणि स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं. बोटीला उशीर झाला की गेलं. जायचंच असेल तर ल्युसर्न आधी, पॅरिस शेवटी आणि विमानही तिथूनच. उलटं केलंत तर आल्या वाटेनं परत फिरण्यात अर्धा दिवस जाईल.

नदीकाठ
उशिराचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत राइनचं पाणी उतरलेलं असू शकतं. अडचण होते ती जर्मनीतल्या काउब गावाजवळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथली मोजपट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत खाली गेली होती. (हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, बोटींच्या मार्गात पाणी त्याहून मीटरभर तरी जास्त असतं. बातमी वाचून घाबरू नका.) पाणी फारच कमी झालं तर कंपनी मधला टप्पा बसने नेते किंवा पलीकडच्या दुसऱ्या बोटीवर चढवते. पूर आला तर पुलाखालून बोट जात नाही, तेव्हाही तेच. म्हणून उतरण्याच्या दिवशी पैसे परत न मिळणारं काहीही बुक करू नका आणि त्या दिवशीचं परतीचं विमान तर नकोच.

तिकीट ॲमस्टरडॅमला उतरणारं आणि झ्युरिकहून निघणारं असं एकत्र काढा. जमल्यास चारातली एक रात्र आधी, ॲमस्टरडॅमला टाका. विमान रखडलं तर बोट थांबत नाही.

कागदपत्र_काकू
अनुजा, व्हिसाची अपॉइंटमेंट घेण्याआधी आराखडा पक्का कर. अर्ज करायचा तो जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. बरोबरी झाली तर शेंगेनमध्ये जिथून शिरणार त्या देशाकडे, म्हणजे तुमच्यासाठी नेदरलँड्स. क्रूझमध्ये बहुधा जर्मनीचे दिवस सर्वांत जास्त निघतात, पण पुढे स्वित्झर्लंडचे चार-पाच जोडले की पारडं तिकडे झुकतं. पॅरिस-ल्युसर्न दोन-दोन केलंत तर जर्मनीच पुढे राहील. क्रूझचं दिवसवार वेळापत्रक घेऊन बोटांवर मोज. विमा किमान ३०,००० युरोचा आणि वाढीव दिवसांसह सगळ्या मुक्कामाचा.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपीय संघात नाही. त्यामुळे फक्त युरोपीय संघापुरतं सिम तिथे बंद पडतं, प्लॅनमध्ये देशाचं नाव बघून घे. आणि जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये केलेल्या खरेदीच्या करपरताव्यावर संघातून बाहेर पडतानाच कस्टमचा शिक्का लागतो. झ्युरिक विमानतळावर तो मिळत नाही.

रुळावरचा_प्रवासी
पासाचं राहिलंच. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ आणि १५ सलग दिवसांचा असतो, पाचाचा नाही. चार रात्री म्हणजे पाच तारखा, तेव्हा चार दिवसांचा घेऊन शेवटच्या दिवशी ल्युसर्न ते झ्युरिक विमानतळ सुटं तिकीट काढा. थेट गाडी आहे, साधारण सव्वा तास. रिगी डोंगरावरची गाडी आणि ल्युसर्नच्या तलावावरच्या नेहमीच्या बोटी पासात पूर्ण येतात. पिलाटुस डोंगराला निम्मी सवलत, युंगफ्राउयोखला (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) फक्त २५ टक्के. डोळा युंगफ्राउयोखवर असेल तर महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड बघा, त्यावर तिथेही निम्मं तिकीट. दोन्हींची बेरीज एसबीबीच्या ॲपवर मांडून बघा, अंदाजाने घेऊ नका.

अनुजा_के
पॅरिस रद्द. एक रात्र आधी ॲमस्टरडॅम, नंतर तीन ल्युसर्न, एकाच हॉटेलात. आता चारच तारखा, म्हणजे चार दिवसांचा पास नेमका बसतो. सासूबाईंना रिगी झेपेल ना?

नदीकाठ
झेपेल. ल्युसर्नहून बोटीने व्हिट्झनाऊ, तासभर. धक्क्यासमोरच दातेरी रुळांची गाडी उभी असते, १८७१ पासूनची ही लाइन. अर्ध्या तासात रिगी कुल्म, म्हणजे माथा, १,७९८ मीटर. बरेच जण उतरताना मधल्या काल्टबाड स्टेशनहून केबल कारने तलावाकाठच्या वेगिसला जातात. तुम्ही नका जाऊ, तिथल्या केबल स्टेशनपासून बोटीच्या धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा उतार आहे, गुडघ्यांना जाचक. आल्या गाडीनेच व्हिट्झनाऊला परत या. निघण्याआधी वरचा वेबकॅम बघा. त्या दिवसांत गावात धुकं आणि वर लख्ख ऊन असं बरेचदा असतं.