गावातले जुने डबा टीव्ही, बॅटऱ्या, बोर्ड: द्यायचे कुठे आणि कसे?

कपाशीचं_बोंड (आर्वी तालुका, वर्धा)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत गावातलं जुनं इलेक्ट्रॉनिक सामान एका जागी गोळा करायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं आहे. यादी अशी: मागे पोट असलेले टीव्ही २२ (सोळा २१ इंची, बाकी १४ इंची), शाळेचे तसलेच मॉनिटर ४, सेट टॉप बॉक्स आणि मोबाइल मिळून पोतंभर, फवारणी पंपाच्या आणि झटका मशीनच्या बॅटऱ्या तीसेक, शिवाय सीएफएल. कबाडी टीव्हीतलं तांबं काढून न्यायला तयार आहे, काच मात्र ‘तुम्हीच पाहा’ म्हणतो. म्हणजे ती नाल्यात जाणार. तर तांबं त्याला देऊन नुसती काच पुढे पाठवता येईल का? गाडी ठरेपर्यंत महिनाभर हे ठेवायचं कसं? आणि शाळेचं सामान असं परस्पर देता येतं का?

सोल्डरगन

तांबं काढू देऊ नका. सगळा व्यवहार त्या तांब्यावरच उभा आहे.

पूर्वी जुन्या पिक्चर ट्यूबची काच वितळवून नव्या ट्यूबमध्ये जायची. आता ट्यूब बनणंच बंद झालं, त्यामुळे त्या काचेला गिऱ्हाईक उरलं नाही आणि तिची विल्हेवाट लावायला रीसायकलरला पदरचा खर्च येतो. हा खर्च निघतो योक (ट्यूबच्या मानेवरचं तांब्याच्या तारेचं वेटोळं), डिगॉसिंग कॉइल (ट्यूबभोवतीची तारेची गुंडाळी) आणि सर्किट बोर्डातून. ई-कचरा नियम २०२२ (लागू १ एप्रिल २०२३) खाली कंपन्या रीसायकलरकडून ‘एवढा कचरा रीसायकल झाला’ अशी जी प्रमाणपत्रं विकत घेतात, तीही सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंवर निघतात. काचेवर काही नाही. तांबं काढलेला टीव्ही दारात नेलात तर एक तर नाकारतील, नाही तर उलट पैसे मागतील. म्हणून टीव्ही, मोबाइल, सेट टॉप बॉक्स सगळं एकाच खेपेत द्या. बोर्डांच्या जोरावर काच खपते.

दुसरं कारण जिवाचं. योक ट्यूबच्या मानेवर चिकटवलेलं असतं, ते हिसकलं की मान मोडते. तिथली काच पातळ. आत निर्वात असल्यानं हवा फुस्स करून शिरते. एवढ्यावर भागलं तर नशीब. हातोडी मागच्या नरसाळ्यावर बसली तर ट्यूब आत कोसळते आणि तुकडे बाहेर उडतात. रंगीत टीव्हीच्या नरसाळ्याच्या काचेत वजनाच्या साधारण २२ ते २५ टक्के लेड ऑक्साइड असतं, मानेत त्याहून जास्त. समोरच्या पडद्यात शिसं जवळपास नसतं, तिथे बेरियम-स्ट्रॉन्शियम असतं. पण त्याच्या आतून फॉस्फरची भुकटी चिकटलेली असते, ती नाकात जाऊ द्यायची नाही.

आणि करंट. रंगीत ट्यूबवर चालू असताना २० ते २५ हजार व्होल्ट असतात. ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, वायर काढली तरी चार्ज धरून बसते. ‘चालतो का पाहू’ म्हणत टीव्ही लावायचा आणि लगेच झाकण उघडायचं, ही सर्वांत वाईट वेळ. चालतोय ना? मग न उघडता गरजू घरात किंवा अंगणवाडीत द्या. एव्ही पिना असल्या की फ्री डिशचा बॉक्स जोडून वर्षानुवर्षं चालतो.

धर्मकाटा

ठेवण्याचं सांगतो. पक्कं छत, कोरडी जमीन, कुलूप. कुलूप सर्वांत महत्त्वाचं, कारण तांब्यासाठी रात्री कोणी मान मोडून जाईल आणि सकाळी तुमच्या हाती फक्त काच. टीव्ही पडद्यावर पालथा ठेवा, खाली दुमडलेलं पोतं. सगळं वजन पडद्याकडे असतं, त्यामुळे पालथा टीव्ही डुलत नाही. वायर गुंडाळून झाकणाला चिकटपट्टी मारा, वायरला धरून टीव्ही उचलू नका.

२१ इंची टीव्ही २० ते २५ किलो, १४ इंची १० ते १२. मॉनिटर आणि बाकीचं धरून सगळं मिळून ५०० किलोच्या आसपास जाईल. छोटा हत्ती वजनाला पुरतो, अडचण जागेची. दोन थर लावा, मध्ये प्लायवूडची फळी. तिसरा थर लावू नका, आपल्या रस्त्यांवर खालची मान जाते. गाडी भरल्यावर आधी काट्यावर न्या आणि पावती जवळ ठेवा. रीसायकलरकडचं वजन त्याच्याशी ताडून बघा.

वऱ्हाडी_तूर

बॅटऱ्या टीव्हीसंग ठेवू नका भाऊ, त्यायचा रस्ताच येगळा. फवारणी पंपाची बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची शिशाची असते, झटका मशीनचीबी तशीच. ते बॅटरीच्या दुकानदाराले द्या, तो वजनावर जुनी घेते. पैसे भेटतात, उगाच फुकट काहून द्याची? उभी ठेवा, पाणी सांडू देऊ नका. आजकालच्या काही पंपात लिथियम असते, लेबल पाहून बाजूले काढा. तिच्या दोन्ही टोकाईले टेप मारा. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबाची नाही, खिळा मारून पाहाचा नाही. वाळू भरलेल्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेवा. अन् ते पोतं गाडीत टाकाच्या आधी एक एक मोबाइल पाहून घ्या, तळाशी दबलेली एक फुगलेली बॅटरी गाडी पेटवाले पुरेशी आहे. सिम आन मेमरी कार्ड काढाले इसरू नका.

नोंदवही

शाळेच्या मॉनिटरना हात लावण्याआधी कागद. सामान जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेलं असतं. निर्लेखन (म्हणजे नोंदवहीतून सामान कमी करणं) मंजूर झाल्याशिवाय ते खोलीबाहेर काढलं तर पुढच्या तपासणीत मुख्याध्यापकांच्या अंगाशी येतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अनुक्रमांकासह यादी, मग पंचायत समितीच्या शिक्षण विभागामार्फत प्रस्ताव. संगणकांचे डबेही जाणार असतील तर हार्ड डिस्क आधी काढून घ्या, मुलांची माहिती त्यात असते.

रीसायकलर कसा ओळखायचा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत रीसायकलरांची यादी आहे. महाराष्ट्र मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती, चंद्रपूर इथे आहेत, तिथे नाव पडताळता येतं. भंगारचा परवाना किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे ही नोंदणी नव्हे. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: ‘पिक्चर ट्यूबवाले टीव्ही घेता का?’ बरेच जण फक्त बोर्ड आणि मोबाइल घेतात. सीएफएलचंही विचारा, त्यात थोडा पारा असतो. खोक्यात उभे ठेवा.

एक हजार नग वापरणाऱ्या संस्थेवर जी मोठ्या ग्राहकाची बंधनं आहेत, ती तुमच्या ग्रामपंचायतीवर येत नाहीत. तरी पावतीवर नग आणि किलो दोन्ही लिहून घ्या. आणि टीव्हीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे याची चिंता नको, बंद पडलेल्या कंपनीचा सेटही चालतो.

कपाशीचं_बोंड

खूप मदत झाली. एक घोळ आहे: दोन टीव्हींच्या ट्यूबा आधीच फुटलेल्या आहेत, तुकडे गोठ्यामागे पडलेत.

सोल्डरगन

झाडू मारू नका, धूळ उडते. आधी पाणी शिंपडा, जाड हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून मोठे तुकडे वेचा. बारीक चुरा ओल्या कापडानं टिपा आणि ते कापडही त्याच ढिगात टाका. खाली माती असेल तर वरची दोनेक इंच खरवडून घ्या. सगळं झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरा, वर ‘शिशाची काच’ लिहा आणि ड्रम त्याच गाडीत पाठवा. फोनवर मात्र आधीच सांगा की दोन फुटलेले आहेत. गोठ्यामागची ती जागा साफ होईपर्यंत कोंबड्या आणि लेकरं तिकडे जाऊ देऊ नका.