गेटजवळच्या रॉकरीची छाटणी

प्रकाशअण्णा (ए-१०२): नमस्कार मंडळी. गेटजवळची रॉकरी, म्हणजे उतारावर चिरे रचून केलेली बाग, आता चालायच्या वाटेवर यायलीय. त्या पिवळ्या फुलाच्या वेलीत परवा साप दिसला म्हणून वॉचमन सांगतोय. पावसाच्या आत सगळं काढून पेव्हर घालूया काय?

मंगलकाकू (बी-३०१): पेव्हर नको ओ अण्णा. त्या उताराची माती ह्याच झाडांनी धरून ठेवलीय, सगळं काढलं तर पहिल्याच जोराच्या पावसात लाल चिखल पार्किंगमध्ये उतरतोय बघा. छाटायला पाहिजे हे मात्र खरं, आणि मिरग निघायच्या आतच.

पिवळ्या फुलाची ती वेडेलिया. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात, म्हणून वरनं कातरून काही होत नाही. कडेच्या चिऱ्यापासून वीतभर आत खुरप्यानं कापत जायचं आणि बाहेर आलेला दांडा हळू ओढायचा, वळीव पडून माती मऊ झालीय तवर मुळासकट येतो. पेर असलेला बोटभर तुकडा जरी मातीत राहिला तरी परत झाड होतंय. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक जातींची यादी आहे त्यात घाणेरी आहे तशी हीपण आहे, म्हणून कुणी मागितली तरी देऊ नका. माझं मत विचाराल तर वर्षभरात थोडी थोडी करून काढूनच टाकूया, एकेक पट्टा मोकळा करायचा आणि लगेच दुसरं लावायचं.

सीमा (सी-१०४): दुसरं म्हणजे काय लावूया काकू? माझ्याकडं ऑफिसटाइमची (चिनी गुलाबाची) झाडं भरपूर आहेत पण दांडे लांब होऊन मध्ये बोडकं झालंय, फुलं नुसती टोकाला

मंगलकाकू (बी-३०१): मग निम्म्यावर काप, घाबरू नको, खालनं भराभरा फुटवे येतात. कापलेली टोकं चार बोटं लांब ठेव, खालची पानं काढ आणि दिवसभर सावलीत पसर, कापलेलं तोंड सुकलं पाहिजे. मग जाड वाळू आणि माती निम्मी निम्मी. एम सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) बारीक पावडर असलेली नको, ती पाणी धरते. ह्याला कडक ऊन लागतंय, ढगाळ असलं तर फूल नीट उघडतच नाही. म्हणून चिऱ्यांच्या फटीत, वरच्या बाजूलाच लावायचं. बेळगावात जुलैत झड लागली की ऊन बघायला मिळत नाही, सपाटीला लावलेली सगळी कुजतात. निम्मी टोकं कुंडीत पत्र्याखाली राखून ठेव, दसऱ्याच्या सुमाराला उरलेली जागा भरूया.

खालच्या ओल्या बाजूला जांभळ्या पानांचा सेटक्रेशिया चालतोय, दोन-तीन पेरांचा तुकडा खोचला की झालं. ग्लोव्हज घाला पण, त्याच्या चिकानं काही जणांना खाज सुटते. आंब्याखाली सावली आहे तिथं टर्टल वाइन, मूठभर तोडून ओल्या मातीवर दाबून ठेवली तरी धरते.

विनायक (ए-३०३): काकू ती जांभळ्या फुलांची लोंबती घाणेरी ठेवायची ना? मला ती फार आवडते, फुलपाखरं किती असतात सकाळी

मंगलकाकू (बी-३०१): ठेवूया की, त्या यादीतली रानातली घाणेरी वेगळी, ही लोंबती जात वेगळी. तिचं दाब कलम कर. खालची फांदी वाकवून जिथं मातीला टेकते तिथली साल नखानं थोडी खरवडायची, माती ओढायची, वर चिऱ्याचा तुकडा. दीड-दोन महिन्यांनी हळूच ओढून बघायचं, धरून बसलीय असं वाटलं की आईपासून कापायची. रॉकरीत हेच बरं, झाड जागचं हलत नाही आणि पावसाचं पाणी आयतं. छाटलेला पाला मात्र गाईगुरांपुढं टाकू नका, घाणेरी त्यांना विषारी.

प्रकाशअण्णा (ए-१०२): बरं, पेव्हर राहू दे. पण कचरा मागच्या गटारीकडं टाकायचा का?

मंगलकाकू (बी-३०१): अजिबात नको अण्णा! वेडेलियाचा तर एक दांडासुद्धा नको. पाणी वाढलं की ते वाहत नाल्याला आणि पुढं लोकांच्या भाताच्या शिवारात जाणार, आणि बांधाला एकदा लागली की शेतकऱ्याला काढता काढता नाकी नऊ येतात. काळ्या पिशव्यांत गच्च बांधून गच्चीवर उन्हात ठेवायच्या, आतले दांडे उकडून पूर्ण मेले की मगच घंटागाडीत.

प्रकाशअण्णा (ए-१०२): चालतंय. रविवारी सकाळी ७ ला गेटवर. वॉचमनला आधी लांब काठीनं सगळं हलवून घ्यायला सांगतो, मगच हात घाला, आणि पोरांना बूट घालूनच पाठवा.

सीमा (सी-१०४): मी शनिवारी सकाळीच टोकं कापून सुकवून ठेवते काकू, दोन ट्रे तरी होतील

मंगलकाकू (बी-३०१): छान. खुरपी आमच्याकडं आहेत, कातरी कुणाकडं असली तर आणा, धार लावून.