मदत हवी आहे: कर्मच फळ देतं, तर मधे देव कशाला?

मंडळी, कोल्हापुरात शाहूपुरीत चहाच्या गाडीवर 2019 च्या महापुराचा विषय निघाला. पंचगंगेनं भल्याभल्यांचे संसार धुऊन नेले, मग देव न्यायी कसा?

मी ब्रह्मसूत्र, म्हणजे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ, काढलं. 'वैषम्यनैर्घृण्ये न' या सूत्रावर शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा. तो सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवणार की जव, ते बियाण्यावर. म्हणजे ईश्वर पक्षपाती नाही नि क्रूरही नाही, ज्याचं त्याचं कर्म.

आमचे एक जैन स्नेही शांतपणे म्हणाले, "मग सगळं बियाणंच ठरवतंय की! आमच्यात कर्म जीवाला चिकटतं नि वेळ आली की आपोआप फळतं. मधे देव कशाला?"

गंमत म्हणजे आपले मीमांसकही (वेदातल्या यज्ञकर्माचा विचार करणारे) जवळपास हेच म्हणतात. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्या तर्कपंडितांचं, उत्तर माहीत आहे: कर्म जड, त्याला चालवणारा कुणी चेतन हवा. पण मला ते पटत नाही. ख्रिस्ती संत ऑगस्टीनचं 'वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव' हे तर गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर आलेल्याला सांगून बघा!

जाणकारांनी सांगावं, या जैन आक्षेपाला वेदान्त्यांनी नेमकं काय उत्तर दिलंय? मराठीत सोप्या भाषेत कुठं वाचायला मिळेल? संस्कृत जेमतेम येतं, इंग्रजी जाडजूड ग्रंथ शक्यतो नकोत.